बोंबल्या बोंबलला की

आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर एक लोखंडी घंटा होती. बाकीच्या बायका तिथे देवाची तसबीर लावतात. माझ्या नशिबी घंटा आली, तीही सरकारी. भिंतीतून गेलेल्या दोन तारांनी ती पलीकडच्या खोलीतल्या टेलिफोन एक्स्चेंजला जोडलेली होती. एक्स्चेंजमध्ये काही अडलं की ती आपोआप वाजायची, आणि आमचे हे हातातला घास ताटात टाकून पळायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्या वेळची रीत, म्हणून इथेही ते 'हे'च राहतील.

हे त्या घंटेला अलार्म म्हणायचे. पण तिचं बारसं केलं ते माझ्या मायनं. माय पहिल्यांदा आमच्या क्वार्टरमध्ये आली, चुलीपाशी बसून डाळ पाखडू लागली, आणि डोक्यावर ती घंटा कडाडली. मायच्या हातातलं सूप उडालं, डाळ घरभर झाली.

"हाई काय बोंबलनं व माय?"

"यंत्रात काही बिघडलं की ते स्वतःच सांगतं आपल्याला," ह्यांनी कौतुकानं समजावलं.

"कोनी सांगाव नही, कोनी इचाराव नही, स्वतःच बोंबलस?"

"हो."

"मंग बोंबल्याच शे हाऊ," माय म्हणाली आणि डाळ वेचू लागली. तेव्हापासून आमच्या घरात त्याला दुसरं नाव राहिलं नाही. पुढे पुढे हेसुद्धा "बोंबल्या वाजला का गं?" असं विचारू लागले.

गाव शहादा तालुक्यातलं, बाजाराचं. तेव्हा आमचा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबारचा जिल्हा होणं फार पुढची गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्याआधी गावात हातानं जोडायचं एक्स्चेंज होतं. लोक फोनचा चोंगा उचलायचे आणि म्हणायचे, "लगाव ना भो, जीनमा लगाव." बोर्डावर बसलेला माणूस म्हणायचा, कापसाच्या जीनमधले शेठ आत्ताच जेवायला गेले, मग लावतो. असं घरगुती काम. मग तो बोर्ड गेला, माणूस गेला, आणि त्या जागी लोखंडी कपाटं आली. ती कपाटं स्वतःच नंबर जोडत आणि स्वतःच तोडत. त्यांच्या देखभालीला नाशिककडून आमच्या ह्यांना पाठवलं, आणि त्यांच्या देखभालीला मला.

माझं माहेर कळसाडी, तिथून सायकलनं जाऊन येण्यासारखं. मी आईबापांना एकुलती. वडील गेले तेव्हापासून माय घर, गाय आणि वांग्यांचा वाफा एवढ्यांत राहत होती. बाजारच्या दिवशी ती कुणाच्यातरी बैलगाडीतून यायची, दिवसभर माझ्या चुलीपाशी बसायची आणि ऊन उतरलं की परत जायची. आठवड्यातले बाकीचे दिवस मी त्या दिवसाच्या आशेवर काढायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण बदली या शब्दाची मला जेवढी भीती होती तेवढी सापाचीही नव्हती.

ह्यांचं त्या कपाटांवर फार प्रेम. लग्नानंतर त्यांनी मला पहिली गोष्ट दाखवली ती कपाटंच. "बघ," म्हणाले, "कुणी चोंगा उचलून तसाच ठेवून दिला तर लाइन अडकते. यंत्र थोडा वेळ वाट बघतं. मग त्याला कळतं, की हा काही नंबर फिरवणारा नाही. मग ते त्या लाइनला बाजूला काढतं, तिचा दिवा लावतं, घंटा वाजवतं आणि बाकीच्या गावाचं काम पुढे चालू ठेवतं. घंटी देणारी मोटर बंद पडली तर राखीव मोटर आपली आपण सुरू होते. ना रुसणं, ना फुगणं."

"बोलायला आलेल्या माणसाला बाजूला काढायचं आणि पुढे जायचं," मी म्हटलं, "ही कसली दुरुस्ती? असं तर माझी आत्याही करते."

ते हसले. माझं बोलणं त्यांना नेहमी गमतीचं वाटायचं, आणि बहुतेक वेळा मी भांडत असायची.

यंत्र शहाणं होतं यात वाद नाही. गावच त्याच्या शहाणपणात बसत नव्हतं. कापडवाले एक शेठजी होते, मारवाडचे. सकाळी पूजेला बसताना ते चोंगा उचलून शेजारी मखमलीवर आडवा ठेवायचे, म्हणजे पूजेत फोन वाजायला नको. झालं, रोज त्या वेळेला आमच्याकडे बोंबल्या सुरू. हे त्यांना समजवायला गेले तर शेठजी हात जोडून म्हणाले, "मिस्त्रीजी, भगवान के सामने घंटी एक ही बजेगी." ती दुसरी घंटी माझ्या डोक्यावर वाजते, याच्याशी भगवंताला काही देणंघेणं नव्हतं. मी मग त्या घंटेच्या हिशेबानं दूध तापवायला शिकले. बोंबल्या वाजला की दूध चुलीवर, ह्यांनी तो बंद केला की दूध खाली. कधी उतू गेलं नाही.

दुसरे होते म्हातारे. त्यांना ती भोकाभोकांची चकती फिरवायचं जमेना. बोट अडकायचं, आकडा चुकायचा, पोलीस ठाण्यात लागायचं. मग ते जुन्या सवयीनं चोंगा उचलून नुसते बोलत बसायचे. "ओ भो, लगाव ना." पलीकडे कुणी नसायचं. यंत्र थोडा वेळ वाट बघायचं, त्यांना बाजूला काढायचं, आणि बोंबल्या बोंबलायचा. हे दिवा बघून सायकलवर टांग टाकायचे, त्या घरी जायचे, नंबर फिरवून द्यायचे आणि चहा पिऊन यायचे. म्हातारे समजायचे की नवीन पद्धत अशीच आहे: चोंगा उचलला की माणूस सायकलवर येतो. एक आजोबा तर म्हणाले, "पयलेपेक्षा बरं शे, आते मानूस दिसस तरी."

अशा चाललेल्या संसारात एक दिवस धुळ्याहून साहेब आले. माणूस चांगला, चहात साखर कमी घालायला सांगणारा. कपाटं बघून त्यांचं मन भरलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी बोंबल्याकडेही बघितलं. मग खाटेवर बसून ह्यांना म्हणाले, "आई पोराकडे बघणार नाही इतकं हे यंत्र स्वतःकडे बघतं. मग इथे मुक्कामाला माणूस कशाला? होळीपर्यंत बघू. यंत्रात दोष निघाला नाही, तर नंदुरबारहून एक जण बाजारच्या दिवशी येऊन बघून जाईल. तुमच्यासारख्या हुशार माणसाला मी मोठ्या जागी टाकतो. सोलापूरकडे."

मी आत कप धूत होते. हातातला कप तसाच राहिला.

साहेब गेल्यावर हे शीळ घालत आत आले. त्यांच्या यंत्राची परीक्षा होती, आणि ते पहिल्या नंबरानं पास होणार याची त्यांना खात्री होती. पास झालं की आपण हाकलले जाणार, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. म्हणजे शिरलं असेल, पण दुसऱ्या दारानं बाहेर गेलं असेल. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता. माय आली आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय व्हयनं?"

सांगितल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग बोंबल्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे यानी बोंबल मारी तं तू ऱ्हाशी, अन् हाऊ गप ऱ्हायना तं तू जाशी?"

"हो."

"मंग एखादा तार वढी टाक ना व माय. कोनले समजी?"

खरं सांगते, माझ्या मनात ते तिच्याआधी आलं होतं. पण हे दारातच उभे होते. रागावले नाहीत. शेजारच्या मुलाला समजवावं तसं म्हणाले, "माय, ते यंत्र कधी खोटं बोलत नाही. त्याला खोटं बोलायला लावलं तर त्याच्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? आणि मी तरी साहेबांना काय तोंड दाखवू?"

या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नात कळलं होतं. उखाण्यातसुद्धा त्यांनी "मुलगी सावळी, पण डोळे चांगले" असा मजकूर घातला होता. तर तार काही कुणी ओढली नाही. मी फक्त रोज देवापुढे दिवा लावून मनात म्हणायची, एखादा फ्यूज उडू दे, एखादी पाल आत जाऊन बसू दे. देव ऐकत नव्हता. यंत्र दिवसेंदिवस जास्तच गुणी होत होतं. फ्यूज नाही, पाल नाही. वाजायचा तो फक्त शेठजींचा देव आणि म्हाताऱ्यांचं "लगाव ना भो".

दिवाळीनंतर कळसाडीत मायच्या शेजारी गुजर पाटलांच्या घरी फोन आला. खांब रोवून लाइन थेट आमच्या कपाटापर्यंत आणली होती. माय ते सगळं ओट्यावरून बघत होती. तिनं मला काही विचारलं नाही, ह्यांना काही विचारलं नाही. आणि एके दिवशी भर दुपारी बोंबल्या वाजला. हे दिवा बघून आले आणि म्हणाले, "कळसाडीची लाइन. नवीन आहे, कुठेतरी तार टेकली असेल." ऊन डोक्यावर होतं. हत्यारांची पिशवी सायकलला बांधून ते गेले.

उन्हं कलल्यावर परत आले. पिशवीच्या शेजारी एक गाठोडं होतं, त्यात भरताची हिरवी, लांबोळी, ताजी वांगी.

"दोष कुठे होता?" मी विचारलं.

"पाटलांच्या ओट्यावर," हे म्हणाले. त्यांचं तोंड लाल झालं होतं, उन्हानं की कशानं ते कळेना. "तुझी माय चोंगा मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, उनात का जवाईबापू? बठा. वांगा तोडात, भरीत करा म्हनीसन बलाय तुम्हले."

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी ह्यांची गत. "अहो, पण तिला कसं कळलं?" तर मायनं माझ्या चुलीपाशी बसून सगळं शिकून घेतलं होतं. शेठजी चोंगा आडवा ठेवतात, बोंबल्या बोंबलतो, जावई उठतो आणि सायकलवर जातो. चकती फिरवायची गरजच काय?

त्या दिवशी शेकोटीत वांगी भाजून, हिरवी मिरची-लसूण कुटून भरीत केलं. हे रागावल्यासारखं करत तीन भाकरी जेवले. त्यानंतर माय बाजाराला येऊ शकली नाही की बोंबल्या वाजायचा. गाय व्यायली, वाजला. पाय मुरगळला, वाजला. एकदा नुसतं करमत नाही म्हणून वाजला. हे दर वेळी सायकल काढायचे. तोंडानं म्हणायचे, "हे बरोबर नाही." पण जायचे. माझा हा माणूस मला खरा आवडू लागला तो त्या फेऱ्यांत.

होळीच्या सुमाराला साहेब परत आले. मी मनात हिशेब मांडला होता, की इतक्यांदा घंटा वाजली आहे, तर साहेब म्हणतील, इथे माणूस हवाच. साहेबांनी विचारलंही. "अलार्म बराच वाजतो असं ऐकतो. दोष काय निघाले?"

हे ताठ उभे राहिले. मी दाराआडून डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पण त्यांचं लक्ष कपाटांकडे होतं.

"साहेब, यंत्रात एकही दोष नाही. एक शेठजी आहेत, त्यांची पूजा. काही म्हातारे आहेत, त्यांना चकती जमत नाही. आणि एक माझी सासू आहे."

साहेब मोठ्यानं हसले. सासूची सगळी गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, पुन्हा हसले, आणि म्हणाले, "म्हणजे यंत्र पास."

महिन्याभरात आमचं सामान बांधलं गेलं. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकून घेत होते. एकदाच म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तू इतकी तुटशील." मी म्हटलं, "तुमच्या कपाटात माझ्यासाठी दिवा नाही, म्हणून वाटलं नाही."

मायला आम्ही बरोबर चल म्हणून विनवलं. "गायले कोन दखी? घर सोडीसन मी कोठेच जात नही." एवढंच तिचं उत्तर. निघायच्या दिवशी ती आली, रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि भिंतीकडे बोट करून विचारलं, "तठे बी बोंबल्या शे का?"

"आहे की," हे म्हणाले. "याच्यापेक्षा मोठा."

"मंग काय," माय म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रडत होते; ती रडली नाही, याचं मला त्या रडण्यातही जरा वाईट वाटलं.

सोलापूरकडच्या त्या गावात एक्स्चेंज मोठं, माणसं पुष्कळ, आणि घंटा आमच्या घरात नव्हती. स्वयंपाकघराची भिंत रिकामी. माझं दूध रोज उतू जाऊ लागलं. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं; पाटलांकडून कधी दोन ओळी आल्या तर यायच्या, सगळं ठीक आहे अशा.

मधे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण, येऊन गेली. मायनं झोका बांधला नसेल, कुणासाठी बांधणार. एके दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन एक्स्चेंजमध्ये गेले, तेव्हा ते खात्याच्या लाइनवर बोलत होते. पलीकडे नंदुरबारचा माणूस होता, जो बाजारच्या दिवशी जाऊन आमची जुनी कपाटं बघायचा. त्याची एक तक्रार होती, आणि ती हे मोठ्यानं परत म्हणत होते, लाइन खरखरत होती म्हणून.

"कळसाडीची लाइन? दर बाजारच्या दिवशी? ... हो, सकाळपासून अडकलेली ... तपासलीत? तार चांगली, खांब चांगले ... यंत्र बाजूला काढून ठेवतं, बरोबर ... आणि संध्याकाळी आपोआप सुटते?"

मग त्यांनी चोंगा कानापासून जरा दूर केला. माझ्याकडे बघितलं. मी डबा खाली ठेवला.

रिकाम्या घरात, रिकाम्या चुलीवर बोंबल्या दर बाजारच्या दिवशी बोंबलत होता. मायची समजूत होती की घंटा घराबरोबर नाही, आमच्याबरोबर गेली. जिथे मुलगी, तिथे बोंबल्या. म्हणून ती सकाळी पाटलांच्या ओट्यावर जाऊन चोंगा मांडीवर घेऊन बसत होती, रस्त्याकडे बघत. यंत्र थोडा वेळ वाट बघत होतं, तिला बाजूला काढत होतं, आणि बाकीच्या गावाचं काम पुढे चालू ठेवत होतं.

पलीकडून विचारणा झाली असावी, की आता काय करू. हे म्हणाले, "तो दोष दुरुस्त करू नका. तुम्ही पुढच्या बाजारी तिथे असाल ना? दिवा लागला की ती लाइन नंदुरबारकडे जोडून द्या. पुढचं मी बघतो."

पुढचं म्हणजे काय ते मला त्या बाजारच्या दिवशी कळलं. नंदुरबार, धुळे, पुणे, सोलापूर, वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी ह्यांनी सांगून ठेवलं होतं. या माणसानं स्वतःसाठी कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. एकेक आवाज येत होता: "धरून ठेवा, धुळे देतोय." "नंदुरबार बोला." एका कुणी तर हसत सांगितलं, "मिस्त्री, सासूबाई आल्या बरं का लाइनवर." मग खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी कुणाचातरी श्वास.

"माय?" मी म्हटलं.

"कितला येळ लागना व माय!" तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. ती फक्त चिडली होती. "कितला दिन व्हई ग्यात, उचली ऱ्हायनू मी. वांगा बी निंघी ग्यात. जवाईबापूनी सायकल पंचर व्हयनी का?"

मी चोंगा ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला. लग्नापासून इतकी वर्षं त्यांनी आमची बोली कधी तोंडात घेतली नव्हती, चुकेल म्हणून. तोंड भिंतीकडे करून ते म्हणाले, "हो माय. पंचर व्हयनी व्हती. आते निंघनू."